पाणी झटकणारे रबर

भाईंदरहून नायगावकडे जाताना लोकल वसईची खाडी ओलांडते. खाली खारे पाणी, अलीकडे मिठागरांची जमीन आणि पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा. वाऱ्याबरोबर उडणारे मिठाचे सूक्ष्म कण इथल्या प्रत्येक वस्तूवर बसतात. रेल्वेच्या विद्युत तारा ज्या विसंवाहकांच्या आधाराने टांगलेल्या असतात, तेही याला अपवाद नाहीत. या मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. २०१२ मध्ये चर्चगेट ते विरार हा सर्व मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आला. साहजिकच विसंवाहकांवरचा ताण वाढला.

कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. पण दव पडले किंवा पावसाची भुरभुर सुरू झाली की ते विरघळते. चिनी मातीच्या विसंवाहकावर पाणी पसरते, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो. त्यातून वीज झिरपू लागते. ठिणगीने एका टोकापासून दुसरे टोक गाठले, की वीजपुरवठा तुटतो आणि गाड्या जागच्या जागी थांबतात.

यावर एक उपाय म्हणजे सिलिकोन रबराचे आवरण असलेले विसंवाहक. या रबरावर पाणी पसरत नाही, त्याचे सुटे थेंब होतात. स्पर्शकोन साधारण १०० ते ११० अंश भरतो. याचे कारण रेणूच्या रचनेत आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने गुंफलेली लांब साखळी आणि प्रत्येक सिलिकॉनला जोडलेले दोन मिथिल गट, अशी ही रचना असते. पृष्ठभागावर मिथिल गटांची दाटी असते आणि त्यांना पाण्याचे आकर्षण नसते.

मात्र ठिणग्यांच्या माऱ्याने हे मिथिल गट तुटतात आणि त्यांच्या जागी जलस्नेही हायड्रॉक्सिल गट येतात. आता पाणी पसरू लागते. प्रयोगशाळेत ऑक्सिजन प्लाझ्माने हेच काही सेकंदांत घडवता येते. गंमत पुढेच आहे. हा तुकडा कोरड्या हवेत नुसता ठेवून दिला, तर काही तासांत किंवा दिवसांत त्यावर पुन्हा थेंब उभे राहतात. झालेली इजा रबर कशी भरून काढते?

रबराच्या जाळ्यात काही लहान, सुट्या साखळ्या अडकलेल्या असतात. त्यांना आपण सिलिकोनचे तेल म्हणू. हे तेल हळूहळू झिरपत वर येते आणि बिघडलेल्या थरावर पसरते. तेलच जबाबदार कशावरून? द्रावकाने ते आधी काढून टाकले, तर सुधारणा खूप मंदावते. पण ती पूर्णपणे थांबत नाही. म्हणजे आणखी काही घडत असले पाहिजे. सिलिकोनची साखळी अतिशय लवचीक असते. ती वळते, जलस्नेही गट आत जातात आणि मिथिल गट बाहेर येतात. तुकडा पाण्यात बुडवून ठेवला, तर सुधारणा रेंगाळते. कारण उघड आहे. बाहेर पाणी असताना जलस्नेही गटांना आत वळण्याचे कारणच उरत नाही.

हे तेल धुळीच्या आणि मिठाच्या थरातही शिरते, त्यामुळे तो थरही पाणी झटकू लागतो! चिनी मातीला हे जमत नाही.

तरीही या गुणाला मर्यादा आहे. ओल आणि ठिणग्या सतत राहिल्या, तर रबराला सावरायला उसंत मिळत नाही. म्हणून त्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते.

वर्गात करून पाहा: एका काचपट्टीवर सिलिकोन सीलंटचा पातळ थर देऊन तो पूर्ण सुकू द्या. त्यावर आणि दुसऱ्या कोऱ्या काचपट्टीवर केओलिनची कोरडी भुकटी पातळ पसरा. रोज दोन्हींवर नव्या जागी पाण्याचा एकेक थेंब हलकेच ठेवा आणि त्याचा आकार बाजूने पाहून वहीत काढा. कोणत्या दिवशी, कोणत्या पट्टीवर थेंब गोल राहिला? त्यात फरक का पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.