सातने भागताना भेटणारी संख्या : १४२८५७

सांगलीच्या पेठेतील एक क्विंटल हळद सात जणांत सारखी वाटावयाची, असे उदाहरण वर्गात घातले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास १४.२८५७१४... किलो येतात आणि भागाकार काही संपत नाही. “दोन दशांश स्थळे पुरेत” असे सांगून आपण पुढे जातो. व्यवहारास ते योग्यच आहे. परंतु भागाकार का संपत नाही, हा मुलाचा प्रश्न तेथेच राहून जातो.

म्हणून एकदा तरी प्रत्येक पायरीची बाकी वेगळ्या रकान्यात लिहवून घ्यावी. १० ला ७ ने भागता भाग १, बाकी ३; पुढे ३० ला भाग ४, बाकी २. याप्रमाणे बाक्या ३, २, ६, ४, ५, १ अशा येतात. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. त्या सर्व येऊन गेल्या, शेवटी १ उरला, की पुन्हा १० लाच भागावयाचे! भागाचे अंक १, ४, २, ८, ५, ७ याच क्रमाने फिरत राहतात.

एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न या संख्येचे सारे नवल या रकान्यात आहे. तिची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, सहापट ८५७१४२. अंक तेच, आरंभ मात्र निराळा. कारण दोन सप्तमांशाचा भागाकार बाकी २ पासून सुरू होतो, एवढेच. सातपट केली की ९९९९९९. तिसऱ्या पायरीनंतरच्या बाक्या पहिल्या तिन्हींच्या सातास पूरक आहेत. त्यामुळे १ व ८, ४ व ५, २ व ७ या अंकांची बेरीज नऊ होते. आपली चूक मुलास स्वतःच शोधता येईल, अशी ही सोय आहे. प्रत्येक भाजक असा वागत नाही, हेही दाखवावे. तेराने भागता ०७६९२३ आणि १५३८४६ अशी दोन निराळी चक्रे मिळतात.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे भाग पाडून बेरीज केल्यास मूळ संख्याच परत येते. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळाशिक्षक होते. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते आणि देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले.

लहान मुलांसाठी ४५ पासून आरंभ करावा : वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. त्यानंतर ५५, २९७ व ७०३ या संख्या पाटीवर पडताळता येतील.