सिडनी ते होबार्ट : शिडांची शर्यत

सिडनी–होबार्ट ही शिडाच्या नौकांची शर्यत दरवर्षी २६ डिसेंबरला दुपारी सिडनी बंदरातून सुटते आणि टास्मानिया बेटावरील होबार्टला संपते. अंतर ६२८ सागरी मैल, म्हणजे सुमारे १,१६३ किलोमीटर. १९४५च्या पहिल्या शर्यतीत नऊ नौका होत्या. ब्रिटिश नौदलातील जॉन इलिंगवर्थ यांची ‘राणी’ साडेसहा दिवसांत पोहोचून जिंकली.

बंदराबाहेर पडल्यावर नौका दक्षिणेची वाट धरतात. पूर्व किनाऱ्यालगत उबदार पाण्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. तो गाठला की वेग वाढतो, म्हणून वाट आखणारा खलाशी पाण्याच्या तापमानावर लक्ष ठेवतो. मात्र दक्षिणेचा वारा सुटला की वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडतात व लाटा उभ्या, आखूड होतात. मोठे शीड आखडते घेतले जाते, पुढचे उतरवून लहान चढवले जाते. खलाशी पाळ्या लावतात. पाळीवरचे वाऱ्याकडच्या काठावर ओळीने बसून आपल्या वजनाने नौकेचा कल आवरतात. उरलेले आत मिळेल तेवढी झोप घेतात.

त्यानंतर बास सामुद्रधुनी लागते. तिचा तळ उथळ असल्याने पश्चिमेकडून आलेल्या महासागरी लाटा इथे उंचावून फुटतात. १९९८च्या वादळात निघालेल्या ११५ नौकांपैकी ४४ होबार्टला पोहोचल्या, पाच बुडाल्या आणि सहा खलाशी मरण पावले. त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले. सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वी, ग्रीन केपजवळ, नौका आणि माणसे पुढे जाण्यास सक्षम आहेत असे कप्तानाला रेडिओवरून कळवावे लागते. तसे वाटत नसेल तर माघारी फिरणे हेच खरे दर्यावर्दीपण. समुद्राचा अंदाज घेण्याइतकेच स्वतःच्या ताकदीचा अंदाज घेणेही या शर्यतीत मोलाचे असते.

टास्मान बेटाला वळसा घातला की स्टॉर्म बे आणि शेवटी डरवेंट नदी. रात्री नदीवरचा वारा अनेकदा पडतो आणि शेवटच्या काही मैलांत तासन्‌तास अडकून आघाडी हातची जाते.

सर्वांत आधी पोहोचण्याचा मान बहुधा शंभर फुटी नौकांना मिळतो. २०१७मध्ये ‘कोमांची’ने १ दिवस ९ तास १५ मिनिटे २४ सेकंदांचा विक्रम केला. मुख्य चषक, टॅटरसॉल कप, मात्र वेगळ्या हिशेबाने दिला जातो. प्रत्येक नौकेच्या लांबी, वजन, शिडे अशा मोजमापांवरून तिला गुणांक मिळतो, त्याने प्रत्यक्ष वेळ गुणला जातो आणि सर्वांत कमी वेळ भरणारी नौका विजेती ठरते. त्यामुळे लहान नौकाही उत्तम चालवली गेली तर मोठ्या नौकांना हरवू शकते.