शाळेची किल्ली कोणाकडे?

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर समाजाची पन्नासेक घरांची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. शाळेच्या इमारतीत बसलेली काही तरुण मुलं बचावली आणि खाली बातमी पोचली ती त्यांच्यामुळे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान भर पावसात, अंधारात पायवाटेने चढून गेले. यंत्रं वर नेणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सगळं खोदकाम हातांनी करावं लागलं. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं, हे सरकारने विधिमंडळातही सांगितलं.

याद्या करायलाच हव्यात. पण यादी तालुक्यात किंवा जिल्ह्यात होते आणि दरड वाडीवर येते. एका ग्रामपंचायतीत पाच-सात वाड्या, एखादा धनगरवाडा आणि नदीकाठची वस्ती असते. आराखडा मात्र गावठाणाचा असतो. लहान गावांच्या आपत्ती नियोजनाची खरी अडचण इथे आहे.

कायद्यात उणीव नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 41 ने ही जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे ग्रामपंचायतीवरही, टाकली आहे. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, साधनं कधीही वापरता येतील अशी ठेवायची, बांधकामं ठरलेल्या मानकांप्रमाणे होतात की नाही ते बघायचं. 2022 मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने आपला स्वतंत्र आराखडा काढला आणि गावपातळीवरचं आपत्ती नियोजन गावाच्या विकास आराखड्याशी जोडण्यावर भर दिला. त्याच्याही आधी, 2002 पासून, केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी मिळून देशातल्या 176 जिल्ह्यांत गावोगावी असे आराखडे करण्याचा मोठा कार्यक्रम राबवला होता. म्हणजे हे काम आपल्याकडे नवं नाही.

तरीही बहुतेक आराखडे एकाच साच्यातून निघतात. गावाचं नाव, लोकसंख्या, पर्जन्यमान, पोलीस ठाण्याचा नंबर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, आणि पुढे एक ओळ: ‘सुरक्षित निवारा: जिल्हा परिषद शाळा’. या ओळीपाशी थांबून काही प्रश्न विचारावेत. शाळेची किल्ली कोणाकडे असते? मुख्याध्यापकांकडे असेल आणि ते तालुक्याच्या गावी राहत असतील, तर रात्री दोन वाजता कुलूप कोण उघडणार? शाळा ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे? ओढ्याला पाणी आल्यावर वाडीतून तिथवर पोचता येतं का? शाळेच्या मागचा उतार पक्का आहे का? या उत्तरांसाठी भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही, पावसाळ्याआधी गावातल्या चार माणसांनी वाडीपासून शाळेपर्यंत चालत जावं लागतं.

पहिले काही तास गावाला एकट्याने काढावे लागतात, हे प्रत्येक मोठ्या दुर्घटनेत दिसलं आहे. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाडलं गेलं, 151 माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या वेळी गाडी घेऊन गेला आणि त्याला गाव दिसेना. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं दगावली. त्या वेळी महाड शहर स्वतःच पाण्याखाली होतं, रस्ते बंद होते आणि बचाव दलं गावात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा महाराष्ट्रातला तळ पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. जवान कितीही तत्पर असले तरी पुराने तोडलेला घाटरस्ता त्यांनाही अडवतो. म्हणून गावाचा आराखडा मुख्यतः या मधल्या तासांचा असायला हवा.

पुराच्या बाबतीत पंचगंगेकाठची गावं आपल्याला बरंच शिकवतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात हे आकडे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं तर पुराच्या तोंडावरच आहेत. तिथल्या माणसांना बंधाऱ्यावरच्या आकड्यावरून आपल्या दाराचा अंदाज येतो: अमुक फुटाला शेतातली वाट बंद, अमुक फुटाला खालच्या गल्लीत पाणी. ही समज हाच खरा आराखडा. फक्त ती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर निघून जाते. ती कागदावर उतरवावी, गल्लीच्या तोंडाला विजेच्या खांबावर रंगाने पट्टा मारून फूट लिहावेत. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेला आणि भाड्याने राहणाऱ्या साखर कारखान्याच्या कामगारालाही मग ते वाचता येईल.

आणखी एक गोष्ट पूरग्रस्त गावांत गेल्याशिवाय समजत नाही. माणसं घर सोडायला तयार नसतात ती बऱ्याचदा जनावरांपायी. दोन म्हशी आणि एक गाय यांवर ज्या घराचा महिना चालतो, त्या घरातली बाई म्हशींना दावणीला बांधून नावेत बसणार नाही, आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून स्थलांतराची सुरुवात जनावरांपासून व्हायला हवी. उंचावर त्यांना बांधायची जागा, वैरण, पाणी आणि पशुवैद्यक ही सोय आधी सांगितली, तर माणसं आपणहून निघतात. ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे’ एवढ्या सूचनेने गोठा हलत नाही.

साधनांच्या यादीबद्दलही बोललं पाहिजे. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. चारी बाजूंनी पाणी चढत असताना बोटीकडे धावणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण ‘बोट: एक’ एवढं लिहून नियोजन होत नाही. ती चालवणार कोण, एका फेरीत किती जण, सगळ्यांना जाकिटं आहेत का, पहिल्या फेरीत कोण जाणार आणि काठावर उभं राहून ‘आता बास’ म्हणायचा अधिकार कोणाला, हे उन्हाळ्यातच ठरलेलं हवं.

पहिल्या फेरीत कोण, या प्रश्नाचं उत्तर गावात तयारच असतं. आशाताईंच्या वहीत गरोदर बायका असतात, अंगणवाडीताईंच्या नोंदवहीत तान्ही मुलं असतात, आणि कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, हे दोघींना तोंडपाठ असतं. ग्रामसेवक आणि तलाठी यांच्याकडे अनेकदा एकाहून जास्त गावं असतात. ते रात्री गावात असतीलच असं नाही. आशाताई, अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील गावातच राहतात. माझ्या मते गावाच्या आपत्ती समितीत या तिघांना सरपंचांच्या शेजारी जागा हवी. आज यांतल्या दोघी ताईंचं नाव बहुधा यादीच्या शेवटी येतं.

दरडीचं नियोजन पुरापेक्षा अवघड. पाणी फुटाफुटाने चढतं, डोंगर एकदम येतो. तरी तो बहुधा आधी खुणा देतो: जमिनीला भेगा पडणं, झाडं किंवा खांब कलणं, नितळ झऱ्याला गढूळ पाणी येणं, वाहता झरा अचानक बंद होणं, आधी झरा नसलेल्या जागी पाणी फुटणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागणं. या खुणा गुराख्याला सगळ्यांत आधी दिसतात. त्याने त्या कोणाला सांगायच्या आणि ऐकणाऱ्याने त्याच दिवशी काय करायचं, हे आराखड्यात आलं पाहिजे.

दुसरा आधार पावसाच्या मोजमापाचा. आपल्याकडे ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक या हिशेबाने बसली. पण एका मंडळात अनेक गावं येतात, आणि सह्याद्रीत माथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असताना पायथ्याला नुसती रिपरिप असू शकते. 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या पुढे गेलेला पाऊस हवामान खात्याच्या सर्वांत वरच्या श्रेणीत मोडतो, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो. केरळात वायनाडमधल्या ‘ह्यूम सेंटर’ या संस्थेने जिल्हाभर दोनशेच्या आसपास ठिकाणी पाऊस मोजण्याची व्यवस्था उभी केली आणि त्यात स्थानिक लोकांना सामील केलं. 2020 मध्ये त्यांच्या नोंदींमुळे मुंडक्कई भागातली माणसं वेळेत हलवली गेली. 30 जुलै 2024 च्या भीषण दरडीच्या आदल्या दिवशीही त्यांनी प्रशासनाला सावध केलं होतं, पण त्या वेळी मोठं स्थलांतर झालं नाही आणि शेकडो माणसं गेली. मोजमाप आणि हालचाल या दोन्हींची सांगड लागते, हे याहून स्पष्ट कशाने होणार? वाडीवरच्या शाळेत साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला मुलांनी नोंद केली आणि सलग दोन-तीन दिवसांची बेरीज फळ्यावर लिहिली, तर डोंगर किती भिजला आहे हे वाडीला तरी समजेल.

ओडिशाचं उदाहरण आशा वाढवणारं आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 च्या ‘फायलिन’ वादळाआधी जवळपास दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवकांची पथकं तयार झाली आणि त्यांचे सराव होत राहिले. 2020 मध्ये व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या तिथल्या दोन छोट्या वस्त्यांना युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरी आयोगाने ‘त्सुनामी सज्ज’ म्हणून मान्यता दिली. भारतात ती पहिलीच.

पुनर्वसन हा दरडीवरचा कायमचा उपाय, यात शंका नाही. पण माळीणच्या माणसांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळायला एप्रिल 2017 उजाडला, आणि ती तर दुर्घटनेनंतर सगळ्या देशाचं लक्ष लागलेली वस्ती होती. जिथे अजून काही घडलेलं नाही, तिथल्या पुनर्वसनाला किती पावसाळे लागतील? तोवर त्या माणसांच्या हातात आराखडाच आहे. दोर, बॅटऱ्या, चार्ज केलेला भोंगा, स्ट्रेचर आणि पर्जन्यमापक यांचा खर्च फार मोठा नाही. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर वित्त आयोगाच्या अबंधित निधीचा विचार त्यासाठी करता येतो.

दिवाळीला गावी जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. घरामागच्या डोंगराची पाहणी करा, भेगा दिसल्या तर फोटो काढून तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीत जाऊन गावाचा आपत्ती आराखडा मागा आणि त्यात तुमच्या वाडीचं नाव आहे का ते वाचा. नसेल तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी विषय आधीच लेखी द्या. तेव्हा काम सुरू झालं, तरच 1 मेच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर होऊन मृगाच्या आधी एक सराव घेता येईल.