जमीन लावून देताना : तोंडी बोली की लेखी करार?

पाडवा जवळ आला म्हणजे जमिनी लावून देण्याच्या बोलण्यांस गावोगावी सुरुवात होते. कोणी खंडाने देतो, कोणी निम्म्या वाट्याने देतो. पारावर चार शब्द होतात आणि व्यवहार पुरा झाला असे उभयता समजतात. कागद करावा असे कोणी सुचविल्यास बहुधा मालकच प्रथम नको म्हणतो. ‘कागद केला की कूळ लागले’ अशी त्याची समजूत असते. या समजुतीत तथ्य किती, याचा विचार आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, जमीन लावून देणारा प्रत्येक मालक शेकडो एकरांचा धनी नसतो. नोकरीनिमित्त मुंबईस राहणारा गृहस्थ, घरचा कर्ता पुरुष गेलेली विधवा, हातपाय थकलेला वृद्ध, अशांचीही दोन-चार एकरे दुसऱ्याच्या औताखाली असतात. त्यांचे भय निराधार नाही. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी पुष्कळ कुळे कायद्याने खरेदीदार मानली गेली. ही आठवण घरोघरी जागी आहे. तथापि भय खरे असले तरी त्यावरील उपाय खरा असतोच असे नाही.

सदर कायद्याचे चौथे कलम मालकाने अवश्य समजून घ्यावे. दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीने कसणारा इसम कूळ मानला जातो. त्यास अपवाद तीन : मालकाच्या कुटुंबातील माणूस, मालकाच्या अगर त्याच्या घरच्या माणसाच्या देखरेखीखाली राबणारा पगारी गडी अगर मजूर, आणि ताबेगहाणदार. गड्यास रोख किंवा धान्य मिळाले तर तो गडीच राहतो. पण पिकाचा वाटा मिळू लागला की तो या अपवादातून बाहेर पडतो. या कलमात कागदाचा उल्लेखही नाही. म्हणजे ‘निम्म्याने’ दिलेली जमीन तोंडी दिली म्हणून कुळवहिवाट टळत नाही. तंटा तहसीलदारापुढे गेल्यास शेजाऱ्यांच्या जबान्या, आडत्याच्या पट्ट्या आणि पीकपाहणीतील नोंदी बोलू लागतात, आणि मालकाच्या हाती मात्र काही नसते.

आता याची दुसरी बाजू पाहा. कुळाने जमीन सोडावयाची झाल्यास पंधराव्या कलमाप्रमाणे राजीनामा लेखी हवा आणि तो तहसीलदारापुढे पडताळला गेला पाहिजे. ‘पुढल्या साली तुमची जमीन तुम्ही करा’ हे तोंडचे वाक्य कायद्याच्या दृष्टीने व्यर्थ होय. सारांश, कुळवहिवाट तोंडाच्या शब्दाने जन्मास येते, पण तोंडाच्या शब्दाने संपत नाही. तोंडी व्यवहारात मालकास सुरक्षित वाटते, ते केवळ या भेदाच्या अज्ञानामुळे.

तिसरी गोष्ट तारखेची. कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीतही जातीने कसणाऱ्या कुळास जमीन खरेदीचा हक्क आहे. मात्र तो कुळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत बजावावयाचा असतो. सैन्यात नोकरीस असलेल्या मालकाच्या जमिनीस हा नियम लागू नाही. इतरांच्या बाबतीत वर्ष कोणत्या दिवसापासून मोजावयाचे, हाच वादाचा मुद्दा होतो. तारीख घातलेला लेख असल्यास आरंभाचा दिवस कागदच सांगतो. तोंडी व्यवहारात मालक एक साल सांगतो, कसणारा दुसरे सांगतो, आणि साक्षीदार ज्याच्या त्याच्या बाजूने स्मरण करतात.

तथापि लेखाचा महिमा आम्ही वाजवीपेक्षा अधिक सांगू इच्छीत नाही. कायद्याने दिलेला हक्क खाजगी कागदाने बुडविता येत नाही. वाट्याने दिलेल्या जमिनीस ‘मजुरीचा करार’ असे नाव दिल्याने ती मजुरी ठरत नाही. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे कुळकायदा दूर राहतो, हीही भ्रामक समजूतच आहे. शिवाय १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा, सालोसालचा किंवा वार्षिक खंड ठरविणारा पट्टा नोंदवावाच लागतो. न नोंदविलेला पट्टा त्यातील अटींच्या पुराव्यास चालत नाही.

कसणाऱ्याचे हितही येथेच गुंतले आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली, तीत कुळांस व वाटेकऱ्यांस भाग घेता येतो. पण जमीन आपण कसतो हे दाखविण्यास कागद लागतो. गारपिटीने पीक गेले तर बियाणे-खताचा खर्च वाटेकऱ्याचा बुडतो आणि मदत सातबाऱ्यावरील नावाने निघते. मग त्या पैशावरून दोन घरांचे जन्माचे वैर होते.

कागदाचे भय आपल्याकडे जुने आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्याने कागद बंद केले नाहीत. उलट शेतकऱ्यांचे दस्त ग्राम-निबंधकापुढे लिहिले जावेत अशी तजवीज केली. एकाच बाजूने लिहिलेला कागद फास होतो. दोघांनी वाचून, समजून केलेला कागद दोघांनाही आधार होतो, हाच त्यातील बोध.

यास्तव आमची सूचना अशी की, जमीन लावून देताना पुढील गोष्टी लेखात स्पष्ट असाव्या : गट नंबर, क्षेत्र व चतुःसीमा, आरंभाची व अखेरीची तारीख, खंड किती व केव्हा द्यावयाचा, बियाणे, खत व औषधांचा खर्च कोणी सोसावयाचा, विहिरीचे पाणी व वीजबिल, बांधावरील झाडे व कडबा कोणाचा, विमा व सरकारी मदत कोणी घ्यावयाची. खंड मिळताच पावती द्यावी. कायद्यानेही ती मालकावर बंधनकारक आहे. लेखाच्या दोन प्रती करून एक कसणाऱ्याजवळ ठेवावी.

येथे दिलेली कलमे जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांस लागू आहेत. मराठवाड्यास १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भास १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथील वाचकांनी आपापला कायदा पाहावा, आणि सर्वांनीच सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

शब्दाला जागणारी माणसे आपल्या खेड्यांत पुष्कळ आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु बोली करणारे दोघे हयात असेपर्यंतच शब्दाचे बळ. पुढे मुले उभी राहतात, आणि वडिलांनी पारावर काय ठरविले होते हे त्यांना कागदावाचून कोण सांगणार?