कितवा आठवडा?

कुंभकोणम्‌हून मायिलादुतुरैच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात तिरुभुवनम् येतं. गावाची ओळख दोन गोष्टींमुळे: तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं कंपहरेश्वराचं देऊळ आणि हातमागावरच्या रेशमी साड्या. या साड्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पुढचं गाव तिरुविडैमरुदूर. तंजावरची गादी सोडावी लागल्यावर अमरसिंह भोसले मुक्कामाला आले ते इथेच. म्हणजे मुलूख तमिळ असला, तरी मराठी वाचकाला अगदीच परका नाही.

या भागात घरात कुणाला दिवस गेले की एक फेरी ठरलेली असते, तिरुकरुकावूरची. कुंभकोणम्‌पासून वीसेक किलोमीटरवर गर्भरक्षांबिकेचं देऊळ आहे. ऋषीच्या शापाने वेदिका नावाच्या बाईचा गर्भ गळाला, तेव्हा देवीने तो घड्यात ठेवून दिवस भरेपर्यंत सांभाळला, अशी तिथली कथा. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून देवीपुढचं एरंडेल पोटाला लावायला देतात. अपुऱ्या दिवसांचं मूल आईच्या पोटाबाहेर, एका भांड्यात जगवायचं, ही कल्पना आजच्या इन्क्युबेटरच्या किती जवळची आहे!

देवीच्या या मुलखात राजाच्या खर्चाने वैद्यकीय संशोधनही झालं, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तंजावरला धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी माणसं तिथे एकत्र बसवली, औषधं पारखून घेतली आणि कसाला उतरलेले उपाय तमिळ पद्यात बांधून घेतले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेल्या या मालेतल्या एका खंडाचा विषय आहे ‘गर्भिणी-बालरोग चिकित्सा’.

गर्भिणी. दोनशे वर्षांनी हेच नाव पुन्हा एका सरकारी उपक्रमाला मिळालं. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१४ मध्ये ‘गर्भ-इनी’ हा कार्यक्रम हाती घेतला. मुख्य जबाबदारी फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटकडे; गरोदर बायकांची नोंदणी गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलात. तिथे पहिल्या काही महिन्यांत आलेल्या बाईला सामील करून घ्यायचं, बाळंत होईपर्यंत तिच्यामागे राहायचं, पुन्हापुन्हा सोनोग्राफी करायची, रक्ताचे आणि इतर नमुने साठवायचे. प्रश्न एकच: मूल वेळेआधी का येतं, आणि ते आधी ओळखता येईल का? आजवर बारा हजारांहून अधिक बायका यात सामील झाल्या आहेत.

प्रश्नाचा आवाका पाहिला तर हा सरकारी खर्च उशिराच सुरू झाला असं म्हणावं लागतं. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुलं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंचं जगातलं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

पण वेळेआधी म्हणजे नेमकं किती आधी? खरी मेख इथे आहे. पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, ‘संक्रांतीच्या मागंपुढं’. जन्मलेलं मूल दोन किलोचं भरलं, तर ते लवकर आलंय की दिवस भरूनही पोटात नीट वाढलेलं नाही, हे वजनकाट्याला कळत नाही. दोघांचे आजार वेगळे, उपचार वेगळे. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची मुलंही भरपूर, त्यामुळे गोंधळ जास्त.

दिवस मोजण्याचा भरवशाचा मार्ग पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीतून जातो. पडद्यावर करड्या ठिपक्यांत शेंगेएवढी आकृती दिसते. डॉक्टर कर्सरने एक फुली डोक्याच्या टोकाला ठेवतात, दुसरी बुडाच्या टोकाला. मधलं अंतर यंत्र मिलिमीटरमध्ये दाखवतं. सात आठवड्यांचा गर्भ जेमतेम एक सेंटिमीटरचा, बारा आठवड्यांचा साडेपाचच्या जवळ. या काळात श्रीमंताघरचा आणि गरिबाघरचा गर्भ जवळपास सारखाच वाढतो, म्हणून चूक पाच-सात दिवसांच्या आत राहते. पुढे आईचं खाणं, उंची, आजार यांचा परिणाम दिसू लागतो आणि शेवटच्या तिमाहीत अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही हुकतो.

त्यात सोनोग्राफी यंत्रांमध्ये बसवलेलं सूत्र परदेशी. सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र अमेरिकेतल्या हॅडलॉक यांनी १९८४ मध्ये मांडलेलं; आधार साडेतीनशेच्या आसपास, बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतल्या गर्भांच्या मापांचा. हे माप आपण चाळीस वर्षं आपल्या बायकांना लावत आलो. ‘गर्भ-इनी’च्या नोंदींवरून आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या संशोधकांनी भारतीय सूत्र तयार केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठीचं ‘गर्भिणी-जीए२’ २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. गुरुग्रामच्या माहितीवर बेतलेलं हे सूत्र दक्षिण भारतातल्या वेगळ्या बायकांवर पडताळलं गेलं आणि चूक जवळजवळ तिपटीने कमी झाली. देशभर वापरण्याआधी आणखी ठिकाणी तपासणी लागेल, असं संशोधकांचंच म्हणणं आहे.

दिवसांचा हिशेब चुकला तर काय होतं, याचा धडा मराठी मुलखात आणि त्याच्या शेजारीच मिळाला. त्याची सुरुवात मात्र अमेरिकेत. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात, १९६२ मध्ये, तिथे बालआरोग्य आणि मानवी विकासाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि फुप्फुसं न उघडल्याने दोन दिवसांत गेला. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलं की प्रसूतीआधी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. मग ते गावोगावी का देऊ नये?

त्याच अमेरिकन संस्थेच्या पैशातून सहा देशांत प्रयोग झाला. भारतातली ठिकाणं होती बेळगाव आणि नागपूर. जिथे तारीख माहीत नव्हती तिथे पोटाची उंची फितीने मोजून अंदाज बांधला. २०१५ मध्ये निकाल आला, तो सगळ्यांना चक्रावून टाकणारा. लहान बाळांना फायदा नाही, आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढलेले: दर हजार जिवंत जन्मांमागे साडेतीन जास्त. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं तितकी लहान निघालीच नव्हती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, रुग्णालयांमध्ये, सोनोग्राफीने दिवस नक्की करून तोच उपचार पारखला. २०२० च्या निकालात नवजात मृत्यूचं प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आलं. औषध तेच होतं. दिवसांची खात्री आणि रुग्णालयातली देखभाल, हा मोठा फरक.

बेळगाव आणि नागपूरचा वाटा एवढ्यावर संपत नाही. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देण्याच्या प्रयोगातही हीच दोन ठिकाणं होती: बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि नागपूरचं लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन. सहा देशांतल्या सुमारे बारा हजार बायका, २०२० मध्ये निकाल. वेळेआधीच्या प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आल्या. घट लहान दिसते, पण गोळी काही पैशांत मिळणारी आहे. अशा जुन्या, स्वस्त गोळीची चाचणी कुठली औषध कंपनी कशाला करील? इथे सरकारी पैसाच लागतो. हा पैसा अमेरिकेच्या तिजोरीतून आला, ही गोष्ट मात्र आपल्याला थोडी टोचायला हवी. दुसऱ्या देशाचा अर्थसंकल्प आपल्या सोयीने चालत नसतो.

आपल्याकडे निदान सुरुवात झाली आहे. ‘गर्भ-इनी’ची माहिती आणि नमुने २०२५ पासून इतर संशोधकांना मागता येतात. त्या बायकांच्या नमुन्यांतून निवडलेल्या उपयोगी जिवाणूंवरही काम चालू आहे. या संशोधनाला दहा-दहा वर्षं लागतात; निवडणुकीच्या हिशेबात ती बसत नाहीत.

तोवर प्रत्येक घराला एक गोष्ट जमण्यासारखी आहे. सुनेची किंवा लेकीची पाळी चुकली की शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या आणि तो कागद बाळंतपणापर्यंत जपा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाईची तपासणी मोफत होते; जाताना तो कागद सोबत न्या.