अंगाची ओळख

यवतमाळच्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात ओझे उचलणारा जुना हमाल पाहावा. तो ओझ्याशी झोंबत नाही. आधी पाय रोवतो, गुडघे वाकवतो, श्वास सांभाळतो आणि मगच भार अंगावर घेतो. नवा पोऱ्या कमरेतून वाकून हिसका देतो. ताकद त्याचीच अधिक, पण पाठही त्याचीच आधी धरते. फरक बळाचा नसून जाणिवेचा आहे.

ही जाणीव म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. कोणता अवयव कोठे आहे, किती ताणलेला आहे, ही वार्ता स्नायूंतून व सांध्यांतून मेंदूकडे सारखी जात असते. डोळे मिटूनही बोट नाकाच्या शेंड्याला लागते ते तिच्यामुळेच. इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ साली या संवेदनेला स्वतंत्र नाव दिले. परंतु सवय जडली की ही वार्ता ऐकू येईनाशी होते. ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर हा नाट्यपाठक. त्याचा आवाज वारंवार बसे. आरशापुढे उभा राहिला तेव्हा त्याला दिसले की, बोलू लागताच आपण मान मागे ओढतो. नवी रीत शिकण्याआधी जुनी थांबवावी लागते, हा त्याने घेतलेला धडा.

आपल्याकडे हा धडा आखाड्याने दिला. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी लावलेले रोपटे म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांबावर लक्ष चुकले की पकड सुटते. खांब कोणाची भीड धरीत नाही.

कामगाराला याचा उपयोग काय? आम्ही सभेत बोलावयास उठलो की पूर्वी खांदे वर चढत, दम तुटे, शब्द रागाचे निघत आणि मुद्दा राहून जाई. पुढे आम्ही तळपाय नीट टेकून, एक श्वास पुरता सोडून बोलू लागलो. राग गेला नाही, पण तो आमच्या हुकमात आला.

मात्र उचलण्याची रीत साधली म्हणून भलते ओझे हलके होत नाही. एकट्याने वाहावयाचे ओझे ५५ किलोहून अधिक असेल तेथे ते लवकर कमी करावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केली. असे बंधन संघटनेच्या बळावरच पाळले जाते. पण ओझे झेपत नाही, ही पहिली खबर आपली पाठच देते. जो ती ऐकतो, तोच ती चारचौघांत ठामपणे सांगू शकतो. दुसऱ्यांचे पुढारीपण त्यानंतरचे.