सैल दोर, जिवाला घोर
झाडावरून पडणाऱ्या माणसाला खरी इजा होते ती एकाएकी थांबण्यामुळे. अंगावर हार्नेस आणि दोर असला तरी हा नियम बदलत नाही. माणूस १ मीटर मोकळा पडला आणि दोराने त्याला पुढच्या १० सेंटिमीटरमध्ये रोखले, तर शरीराला त्याच्या वजनाच्या सरासरी ११ पट बल सोसावे लागते. थांबण्यास ५० सेंटिमीटर मिळाले, तर हेच बल तिपटीवर येते. म्हणूनच कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांचे दोर मुद्दाम ताणले जाणारे असतात.

वृक्षकर्मींना मात्र असा दोर गैरसोयीचा ठरतो. त्यावर लोंबकळत करवत चालवताना शरीर स्थिर राहत नाही. शिवाय पडल्यावर दोर जितका लांबेल, तितकी खालची फांदी किंवा जमीन जवळ येते. त्यामुळे ते कमी ताणाचे दोर वापरतात. ईएन १८९१ या युरोपीय मानकानुसार अशा दोराची लांबी चाचणीच्या भाराखाली ५ टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये.

साहजिकच असा दोर झटका फारसा शोषत नाही. तेव्हा पतनाला वावच न ठेवणे, हाच उपाय उरतो. दोराचा आधार नेहमी डोक्याच्या वर, जाड व निरोगी फांदीवर असावा. चढताना दोर सतत ओढून घ्यावा आणि आधाराच्या वर कधीही जाऊ नये.